पतासीबाईंच्या चेहऱ्यावरचं तेज

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून बसून सज्जनबाईंची कंबर धरली होती, आणि ती धरलीय हे कुणाला सांगायचाही त्यांना आता कंटाळा आला होता. आजचा सातवा दिवस. आत त्यांचा मुलगा कांतीलाल होता, तोंडात नळी, मानेत नळी आणि शेजारी रक्त धुणारं यंत्र. नारायणगावात त्याचं ताडपत्री, दोर आणि फवारणीच्या पंपांचं दुकान. पाठीवर गळू झालं तेव्हा त्यानं आधी हंगाम बघितला, मग गिऱ्हाईक बघितलं, आणि गळवाकडं बघायला त्याला आठ दिवसांनी सवड झाली. तोवर त्याचं विष रक्तात उतरलं होतं. गावच्या डॉक्टरनं हात लावला आणि गाडी थेट पुण्याला लावली.

शेजारच्या बाकावर निरगुडसरचा कुशाबा असायचा. त्याचा धाकटा भाऊ सोमाजी आत, कांतीलालच्या शेजारच्याच खाटेवर. उसाला पाणी देताना सोमाजीच्या पायावर फावडं बसलं, जखम चिघळली आणि पुढं सगळं तेच. तोच ताप, तेच विष, तीच औषधं. फरक एवढाच, की सोमाजीची लघवी चालू होती आणि कांतीलालची दुसऱ्याच दिवशी बंद पडली. कुशाबा सुरुवातीला आतून आला की कौतुकानं सांगायचा, "आज दीड लिटर झाली बघा, शेठाणी." मग सज्जनबाईंचं तोंड बघून त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं लिटर सांगायचं सोडलं. बिचारा नुसताच येऊन बसायचा आणि भाऊ बरा होतोय याची लाज वाटल्यासारखा चपलांकडं बघत राहायचा.

त्या सकाळी आरती नावाची एक डॉक्टरीण कागद घेऊन आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. तीही दमलेलीच होती, त्यामुळे सज्जनबाईंना ती जरा जवळची वाटली. एकाच दुखण्यानं आलेल्या दोघांपैकी एकाचीच किडनी अचानक का बंद पडते, याचा तिच्या विभागात अभ्यास चालला होता. काही माणसांच्या रक्तातच घराण्याकडून तशी कमजोरी येत असावी असा संशय आहे, खात्री नाही, असं तिनं सरळ सांगितलं. कांतीलालच्या रक्ताचा एक नमुना हवा होता आणि घराण्याची माहिती. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही, असंही ती म्हणाली. नातवानं, संयमनं, सही करून टाकली.

मग ती बाकावरच बसून चौकोन आणि गोल काढायला लागली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. किडनीनं गेलेलं माणूस असेल तर आतून काळं करायचं.

आमच्या घराण्यात तसलं काही नाही, असं सज्जनबाईंनी आधीच सांगून टाकलं. कांतीलालचे वडील अपघातात गेले. सासरे हस्तीमलजी तपात गेले. मासखमण, म्हणजे महिन्याचे उपवास, त्यात एकोणिसाव्या दिवशी. नणंद पतासी, तीही तपातच गेली. अठाईत, म्हणजे आठ दिवसांच्या उपवासात, सातव्या दिवशी. एकोणीस वर्षांची होती, लग्न ठरलेलं होतं.

डॉक्टरणीला साबुदाण्याचा उपवास माहीत होता, हा नव्हता. तेव्हा सज्जनबाईंनी सांगितलं की आमच्या जैनांच्या उपवासात अन्नाचा कण नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, आणि तेही सूर्य मावळेपर्यंत. बोलता बोलता त्यांच्या थकलेल्या आवाजाला जरा धार आली. नारायणगावात त्यांच्या घराला तपस्व्यांचं घर म्हणत. बैठकीत पतासीबाईंचा हार घातलेला फोटो होता, अठाईच्या सहाव्या दिवशी जुन्नरहून फोटोवाला आणून काढलेला. सहा दिवस अन्न नाही, आणि चेहरा कसा? गोल, भरलेला, चकाकणारा. तपाचं तेज म्हणतात ते हेच. मंचर-घोडेगावहून माणसं पाया पडायला आली होती.

आरतीचं पेन थांबलं.

"सहा दिवस उपाशी, आणि चेहरा भरला?" तिनं विचारलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, त्यांना लघवी होत होती का हो?"

"मला काय माहीत?" सज्जनबाई म्हणाल्या.

हे खोटं होतं. सज्जनबाई सोळाव्या वर्षी त्या घरात आल्या तेव्हा सगळ्या घरात त्यांना एकच मैत्रीण मिळाली, ती पतासी. अठाईच्या पाचव्या दिवशी पतासीनं त्यांना कोपऱ्यात ओढून सांगितलं होतं की कालपासून लघवीच झालेली नाही, कंबरेत कळा येतात आणि पाणी प्यायलं तरी मळमळतं. आणि लगेच हात धरून म्हणाली होती, "भाभी, कुणाला सांगू नका. मला पारणं करायला लावतील." पारणं म्हणजे उपवास सोडणं. अर्ध्यात सोडायचं म्हणजे गावभर नाचक्की. सज्जनबाई नव्या सूनबाई, त्यात मैत्रिणीची शपथ. त्या गप्प राहिल्या. सहाव्या दिवशी फोटो निघाला. सातव्या दिवशी पतासीला श्वास पुरेना, आणि दुपारी ती गेली. घरात रडण्याआधी नवकार मंत्राचा जप सुरू झाला. इतकं भाग्याचं मरण, असं जो तो म्हणाला, आणि त्या भाग्यापुढं सोळा वर्षांच्या सुनेनं काय बोलायचं? पुढं सासऱ्यांच्या वेळीही खाटेखालचं भांडं दोन दिवस कोरडं होतं. ते त्यांनीच पाहिलं होतं, कारण ते भांडं उचलायचं काम त्यांचंच होतं. तेव्हाही त्यांनी ते धुऊन जागेवर ठेवून दिलं.

आरती कागदाची घडी घालून निघून गेली. सज्जनबाई भिंतीला डोकं टेकून बसल्या. इतकी वर्षं मनात दडवलेली गोष्ट एका पोरीनं एका प्रश्नात उकरून काढली, याचा त्यांना राग यायला हवा होता. पण रागाला अंगात जोर लागतो.

अर्ध्या तासानं संयमचा मोबाइल वाजला. नारायणगावहून सून चंचल, कांतीलालची बायको, बोलत होती. ती कालच घरी गेली होती, कारण तिची मुलगी रिंकू अठाईला बसली होती. पप्पा बरे होऊन घरी यावेत म्हणून पोरीनं पर्युषण पर्वात आठ उपवास बोलले होते, आणि आजचा सहावा. घरात माणसांची रीघ होती. चंचलचा आवाज रडवेला होता आणि फुललेलाही. पोरगी अशक्त झालीय म्हणाली, कंबर दुखतेय म्हणाली, सकाळी दोनदा ओकारी आली म्हणाली.

"पण बाई, चेहरा काय भरलाय पोरीचा. सगळ्या बायका म्हणतात, अगदी पतासीबाईच बसल्यात."

सज्जनबाईंनी फोन संयमच्या हातात दिला आणि उठल्या. मी घरी जाते, रिंकूला घेऊन येते, एवढंच त्याला सांगितलं. तो काहीतरी विचारत होता, ते त्यांनी ऐकलं नाही.

शिवाजीनगरला कुशाबाही बरोबर आला. त्याला गुरांचं बघायला एक दिवस गावी जायचं होतं. नाशिककडं जाणारी एस.टी. मिळाली, शेजारी शेजारी जागाही मिळाली. चाकण गेलं, राजगुरुनगर गेलं. आणि मग सज्जनबाईंनी, कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट, एका परक्या माणसाला गाडीच्या धडधडीत सांगितली. पतासीनं हात कसा धरला होता इथपासून खाटेखालच्या भांड्यापर्यंत. दमलेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप राहत नाही, तसं झालं.

कुशाबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "शेठाणी, तुमच्या धर्मातलं मला काय बी कळत न्हाई. पण हे मला सांगून काय उपेग? पोरीला सांगा."

"घरात चाळीस बायका असतील, कुशाबा. ज्या पतासीबाईच्या नावानं घर उभं आहे..."

"मंग चाळीस जणींम्होरं सांगा. न्हाईतर त्या फोटूच्या शेजारी आजून एक खिळा ठोकून ठिवा."

बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं असावं. मंचरला उतरताना त्यानं त्यांच्याकडं बघितलं नाही, नुसते हात जोडले.

घरी पोचल्या तेव्हा बैठकीत गाणी चालली होती. पाटावर पांढऱ्या साडीत रिंकू बसली होती. सज्जनबाई दारातच थांबल्या. पोरीच्या पापण्या सुजून डोळ्यांच्या चिरा झाल्या होत्या, गाल ताणून चकाकत होते, आणि येणारी प्रत्येक बाई वाकून "शाता आहे ना?" विचारत होती. शाता म्हणजे सुखरूप. वर भिंतीवर पतासी होती, तोच चेहरा घेऊन. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याला तेज म्हणून ऊद ओवाळला ती सूज होती, हे सज्जनबाईंना स्वच्छ दिसलं.

त्या पोरीजवळ बसल्या. कानात विचारलं, लघवी कधी झाली? रिंकूनं मान खाली घातली. मग पुटपुटली, "काल सकाळी थोडीशी. दादी, मम्मीला सांगू नका."

सज्जनबाईंना वाटलं, आता जर मी इथून उठून पाणी प्यायला आत गेले, तर पुन्हा बाहेर येऊन बोलायचं नाही. म्हणून त्या उठल्याच नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी गाणी थांबवायला सांगितली.

"पतासी तपानं गेली नाही," त्या म्हणाल्या. "तिची लघवी तीन दिवस बंद होती. तिनं मला सांगितलं होतं आणि मी गप्प बसले. हा फोटोतला चेहरा तेजाचा नाही, सुजेचा आहे. या पोरीचाही तोच झालाय. मी पतासीला घालवली, हिला घालवणार नाही."

एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. चंचल दारात भांडं धरून उभी राहिली. सज्जनबाईंचं काही खरं नाही, मुलाच्या काळजीनं डोकं फिरलंय, असं मागं कुणीतरी कुजबुजलं, आणि एकीनं पळत जाऊन शेजारच्या जैन स्थानकातून, साध्वी उतरतात तिथून, महासतीजींना बोलावून आणलं. त्या साध्वी वयानं साठीच्या, तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीआडून सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी रिंकूकडं पाहिलं, सज्जनबाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"उपवासाचं पचखाण, व्रताचा नेम, देताना मी आगार म्हणते," त्या म्हणाल्या. "आगार म्हणजे सूट. आजारपणाची सूट त्या पाठातच आहे. तुम्ही कुणी ते ऐकतच नाही, शेवटचा शब्द कधी येतो याची वाट बघता. हिनं आज पारणं केलं तर व्रत मोडत नाही."

पण रिंकू ऐकेना. तिच्या डोळ्यांच्या चिरांतून पाणी गळायला लागलं. हे तिनं स्वतःसाठी थोडंच केलं होतं, पप्पांसाठी केलं होतं. आठ बोलले होते, सहावरच थांबायचं. दोन राहिले आणि पप्पांना काही झालं तर ते कुणामुळं?

"राहिलेले दोन मी करते," सज्जनबाई म्हणाल्या.

महासतीजींनी काही बोलायला हात उचलला. एकाचं तप दुसऱ्याच्या नावावर होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पण त्यांनी पोरीकडं पाहिलं आणि तो हात तसाच खाली घेतला.

"मी या घरात सून म्हणून आले," सज्जनबाईंनी रिंकूला समजावलं. "तुझ्या पणज्याचं, पतासीचं, पप्पांचं रक्त माझ्यात नाही. मला काही होणार नाही. उद्याचा आणि परवाचा माझा. तू हे घे."

मुगाचं पाणी आणलं. रिंकूनं तीन चमचे घेतले. तासाभरात जीपमध्ये घालून तिला पुण्याला आणलं. तिच्या किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. दोनदा यंत्रावर घ्यावी लागली, पण वेळेत आणली म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिला लघवी सुरू झाली, तेव्हा सज्जनबाई दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडल्या.

पण त्याआधीचा दुसरा दिवस जायचा होता. कबूल केलेले दोन उपवास सज्जनबाईंनी तंतोतंत केले. अन्नाचा कण नाही, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही. चौसष्टाव्या वर्षी, दोन मजल्यांवरच्या दोन माणसांमध्ये जिने चढत-उतरत. आणि त्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला कांतीलाल गेला.

आरती भेटायला आली. सांत्वनाचे शब्द तिला सुचेनात, तेव्हा सज्जनबाईंनीच तिला तो कागद काढायला सांगितला. हस्तीमलजींचा चौकोन आणि पतासीचा गोल काळा करायला लावला. कांतीलालचा तिनं आधीच केला होता. रिंकूच्या गोलात तिनं अर्धाच रंग भरला. रक्तात नेमकं काय आहे ते कळायला वर्षं लागतील, कदाचित कळणारही नाही, असं ती म्हणाली. पण संयम आणि रिंकूनं कधी बिनपाण्याचं राहायचं नाही, दुखणं थांबवायच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, आणि कधी मोठा ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला हे सगळं सांगायचं. तिनं ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

रिंकू घरी आली ती बोलेनाशी होऊन. तिला वडिलांचं दोन दिवसांनी सांगितलं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. आता उपवास नव्हता, नुसतं जेवण नव्हतं. चंचलनं विनवण्या केल्या, संयम चिडला, नारायणगावचे डॉक्टर ताकदीच्या बाटल्या देऊन दमले. दिवाळी आली आणि गेली. पोरीच्या गळ्याची हाडं वर आली. रोज सकाळी न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज आला की सज्जनबाईंना जरा बरं वाटायचं, पण जेवणाच्या वेळी त्या पुन्हा तिचे घास मोजत बसायच्या. यंत्रावरून वाचवलेली पोर आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच वाटेनं चालली आहे, आणि या वेळी आगार म्हणणारंही कुणी नाही, असं त्यांना वाटायचं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी सज्जनबाई मागच्या पडवीत मेथी निवडत होत्या. रिंकू येऊन समोर बसली. तिनं एक काडीही हातात घेतली नाही.

"दादी, माझे राहिलेले दोन उपवास तुम्ही केलेत ना?"

"हो."

"दोन्ही? पूर्ण?"

सज्जनबाईंनी वर पाहिलं आणि पोरगी तीन महिने काय मोजत होती ते त्यांना कळलं. दादीनं दोन्ही केले आणि तरी पप्पा गेले, म्हणजे दादीचे चालले नाहीत. म्हणजे लागत होते ते माझेच. म्हणजे पप्पा माझ्यामुळं गेले. किडनीचं, विषाचं, रक्ताचं सगळं तिला सांगून झालं होतं, तिनं ते मान हलवून ऐकलंही होतं, आणि त्यातलं काही आत उतरलं नव्हतं.

"नाही ग," त्या म्हणाल्या. "एकच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कर आली. खाली टपरीवर जाऊन चहा प्यायले. बिस्किटंही खाल्ली."

चहा तर त्यांनी त्या दोन दिवसांत डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

"सकाळी? म्हणजे पप्पा जायच्या आधी?"

"आधी."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तोंड नव्हतं सांगायला."

रिंकू त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या नाकपुड्या थरथरल्या, आणि त्या चेहऱ्यावर सज्जनबाईंना पहिल्यांदा राग दिसला, चांगला धडधाकट राग. "मी पूर्ण करत होते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडून काढून घेतलेत आणि चहा प्यायलात." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मग ते माझ्यामुळं नाही."

"तुझ्यामुळं नाही, बाळा."

ती उठली आणि आत गेली. बराच वेळ तिच्या रडण्याचा आवाज येत होता, मोठा, लहान मुलासारखा. मग तो थांबला. मग चंचल कुणाला तरी विचारत होती, अजून एक भाकरी टाकू का? आणि रिंकू हो म्हणाली.

एकदा गप्प राहून एक पोर घालवली होती, आज खोटं बोलून दुसरी राखली. यातलं पाप कुठलं आणि किती, हे सज्जनबाईंना ठरवता येईना. पोरगी आता आपल्याशी बोलणार नाही, कदाचित कधीच, एवढं मात्र त्यांना कळलं. त्यांनी मेथीची जुडी बाजूला सरकवली, पदर डोक्याखाली घेतला आणि तिथंच पडवीत आडव्या झाल्या. आतून ताटाचा आवाज येत होता. तो ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला.